आमची जीप आणि तिचा श्वास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. माझा विषय इतिहास. शालान्त परीक्षेत विज्ञानाने मला जेमतेम तारले, हे माझे वर्गमित्र जाणतातच. परंतु आमच्या घरची चूल एका जुन्या डिझेल जीपवर पेटते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, वाई ते पाचगणी वडाप करतात. ज्या यंत्रावर आपले पोट चालते ते श्वास कसे घेते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे, ही जाणीव मला तीन वर्षांपूर्वी झाली, आणि तीही फार महाग पडून. ती हकीकत सांगताना जे शिकलो तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याचे रुंदीकरण चालू होते. खडी, मुरूम, डंपर आणि उसाच्या गाड्या यांच्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्यावर धुळीचा पडदा असे. अशातच आमची जीप पसरणीच्या घाटात दम टाकू लागली. पूर्वी ज्या वळणावर तिसरा गिअर चाले, तिथे दुसरा टाकावा लागे, आणि मागून काळा धूर निघे. स्टँडवरच्या एका जाणत्या गृहस्थांनी बॉनेट उघडून पाहिले आणि निदान केले, “आबा, गाडीचा गळा आवळलाय. ही हवेची गाळणी काढून टाका, मग बघा कशी पळतीया!” आबांनी गाळणी काढून सीटखाली टाकली आणि काय आश्चर्य! जीप खरोखरच पूर्वीसारखी घाट चढू लागली. आबा खूश झाले. चारशे रुपयांची गाळणी घ्यावी लागली नाही, याचाही आनंद होताच.

हा आनंद सात-आठ महिने टिकला. मग सकाळी गाडी चालू व्हायला वेळ लावू लागली. ती ऑईल खाऊ लागली. धूर आता काळा नव्हता, निळसर होता. शेवटी गाडी एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेड उतरवले, लायनरमधून बोट फिरवले, आणि वरच्या बाजूस नखाला लागणारी कड आबांना दाखवली. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे होते. मिस्त्री म्हणाले, “आबा, गाडीनं माती खाल्लीया. आन खरं बोलू का, तुमीबी.”

लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि लेथचे काम मिळून खर्च चाळीस हजारांवर गेला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, बी.एड.च्या प्रवेशासाठी जे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्यात गेले. आक्का काही बोलली नाही. आबा तर महिनाभर कोणाशीच नीट बोलले नाहीत. मी मात्र दुपारी कॉलेज सुटले की मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो, आणि रात्री ग्रंथालयातून आणलेली मोटारविषयक पुस्तके वाचू लागलो.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की गाडी पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालते हे अर्धेच सत्य आहे. ती त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ११ किलो हवा झाली. वजनाच्या भाषेत हा आकडा विशेष वाटत नाही, पण हवा हलकी असते. ११ किलो हवा म्हणजे सुमारे ९ हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरच्या पाण्याच्या नऊ टाक्या ओळीने मांडल्या आहेत अशी कल्पना करावी. तेवढी हवा एका लिटर पेट्रोलबरोबर इंजिनाच्या पोटात जाते. डिझेलच्या इंजिनाला तर याहूनही जास्त हवा लागते.

इंजिन ही हवा कशी घेते? पिस्टन खाली उतरतो तेव्हा सिलिंडरमध्ये पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब त्या पोकळीत हवा ढकलतो. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढावा तसाच हा प्रकार. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरूनही ते मिनिटाला ३ हजार लिटरांहून अधिक हवा आत घेते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. घाट चढणाऱ्या जीपमध्ये माणसे बसतात बारा-चौदा, पण बॉनेटखाली चारशे माणसांचा श्वास चालू असतो!

आता शक्तीचा प्रश्न. सिलिंडरमध्ये जितकी हवा भरेल तितकेच इंधन त्यात नीट जळेल, आणि तितकीच शक्ती निघेल. इंधन जास्त ओतणे सोपे असते, हवा जास्त भरणे अवघड. म्हणून हवेच्या वाटेतील प्रत्येक अडथळ्याचा हिशेब शक्तीत होतो. हवा विरळ झाली तरी तोच परिणाम. पाचगणीची उंची सुमारे १३०० मीटर. समुद्रसपाटीच्या मानाने तेथील हवा सुमारे एक-अष्टमांश विरळ असते. उष्णतेचेही तसेच. २० अंश तापमानाची हवा बॉनेटखाली तापून ५० अंशांची झाली, तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा वजनाने सुमारे ९ टक्के घटते. गाडी बनविणारे हवेच्या नळीचे तोंड इंजिनापासून दूर, पुढच्या दिव्याच्या मागे किंवा जाळीजवळ का ठेवतात, याचे उत्तर येथे आहे. तिथली हवा थंड असते.

या नळीची लांबी-रुंदीही उगाच ठरलेली नसते. नळीतून वेगाने येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो, आणि झडपा उघडझाप करताना तिच्यात लाटा उठतात. योग्य वेळी आलेली लाट सिलिंडरमध्ये थोडी अधिक हवा दाबून भरते. ढोबळ नियम असा की लांब आणि अरुंद नळ्या कमी फेऱ्यांवर जोर देतात, तर आखूड आणि रुंद नळ्या जास्त फेऱ्यांवर. ओझे घेऊन सावकाश चढणाऱ्या गाडीची आणि शर्यतीच्या गाडीची नळी म्हणूनच एकसारखी नसते.

या वाटेवर गाळणी बसते, म्हणजे ती अडथळा झालीच. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अडथळा किती? घड्या घातलेली कागदी गाळणी आपण हातात घेतो तेव्हा ती वीतभर दिसते, पण घड्या उलगडल्या तर तिचा कागद कितीतरी मोठा भरतो. इतक्या क्षेत्रातून हवा सावकाश झिरपत असल्यामुळे नव्या गाळणीने इंजिनाला होणारा अडथळा वातावरणाच्या दाबाच्या शेकडा एक-दोन भागांच्या आसपास असतो. तो चालकाला जाणवतही नाही. गाळणी धुळीने माखत गेली की मात्र तो अनेक पटींनी वाढतो.

येथे आमच्या आबांची, आणि स्टँडवरच्या त्या गृहस्थांची, नेमकी चूक मला सापडली. ती यंत्रशास्त्राची नव्हती, तर्कशास्त्राची होती. त्यांनी तुंबलेल्या गाळणीची तुलना गाळणीच्या अभावाशी केली आणि फरक पाहून आनंदले. तुलना करायला हवी होती ती तुंबलेल्या आणि नव्या गाळणीची. नवी गाळणी बसविली असती तरी जीप जवळजवळ तशीच चढली असती. ‘गाळणी काढल्याने ताकद आली’ हे त्यांचे अनुमान खरे नव्हते. घाण काढल्याने ताकद आली होती.

तुंबलेल्या गाळणीने इंधन जास्त लागते, असे आपण सर्रास ऐकतो. यात खरे किती, हे गाडीच्या जातीवर अवलंबून असते. पेट्रोलच्या गाडीत हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची झडप असते; आपण पायाने दाबतो ते तिच्यासाठी. आपण संथ चालतो तेव्हा ही झडपच वाट अर्धी बंद ठेवते. अशा वेळी गाळणी थोडी तुंबली, तर झडप थोडी अधिक उघडते आणि हिशेब पुन्हा जुळतो. शिवाय आताच्या गाड्यांत आत गेलेल्या हवेनुसार इंधन मोजून देणारी संगणकीय व्यवस्था असते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याची चाचणी घेतली. नव्या, इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत गाळणी तुंबवूनही ॲव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तो पडला. पिकअप मात्र सगळ्याच गाड्यांचा स्वच्छ गाळणीने सुधारला. तेव्हा ‘आमची गाळणी लावा आणि पेट्रोल वाचवा’ अशा जाहिराती वाचताना आपली गाडी कोणती, हे आधी पाहावे.

आमच्यासारख्या जुन्या डिझेल जीपचे गणित निराळे. तिच्यात थ्रॉटल नसतो. पायाने आपण डिझेलचे प्रमाण वाढवितो. हवा येईल तितकी येते. घाटात पाय पूर्ण दाबला की पंप ठरलेले डिझेल देतो. गाळणी तुंबल्यामुळे हवा अपुरी पडली तर ते डिझेल अर्धवट जळते आणि काजळी होऊन मागून बाहेर पडते. तो काळा धूर म्हणजे आबांनी रोख पैसे देऊन घेतलेले आणि न जळलेले डिझेल होते. जीप आम्हाला स्पष्ट भाषेत तक्रार सांगत होती; आम्हाला ती भाषा येत नव्हती. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, हे आता मला डोळे झाकून, निदान नाकाने तरी, कळते.

पण मग धूळ आत गेली तर होते काय? धूर होऊन निघून का जात नाही? आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे, बारीक कण असतात. ते जळत नाहीत, आणि ओतीव लोखंडापेक्षाही कठीण असतात. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये ऑईलचा अतिशय पातळ पडदा असतो. धातू धातूला घासू नये म्हणून तो असतो. मोठा खडा त्या फटीत शिरूच शकत नाही. त्याहून अगदी बारीक कण पडद्यात तरंगत निघून जातो. घात करतात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे मधले कण. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण डोळ्यांना का दिसत नाहीत ते कळेल. ते ऑईलच्या पडद्यात नेमके अडकतात आणि मिनिटाला हजारो वेळा वरखाली घासले जातात. काचपेपरने लाकूड घासावे तसे इंजिन आतून घासले जाते. पुढे तेच कण ऑईलमध्ये मिसळून बेअरिंगांपर्यंत पोहोचतात.

मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. आमची जीप दिवसाला दहा लिटर डिझेल जाळते आणि त्यासाठी २०० घनमीटर हवा घेते असे धरू. त्या धुळकट रस्त्यावर एका घनमीटर हवेत फक्त १० मिलिग्रॅम धूळ होती असे समजू. म्हणजे दिवसाला २ ग्रॅम आणि महिन्याला ६० ग्रॅम. मी तेवढी माती तागडीवर तोलून पाहिली. चहाचा अर्धा कप भरला. मी तो आबांसमोर ठेवला. ते काही वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढं?” मी म्हणालो, “महिन्याला, आबा.” आम्ही तर गाडी आठ महिने तशीच चालविली होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी गोष्ट आठवते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टा बेटावर ब्रिटिशांची स्पिटफायर विमाने लढत होती. वाळूमुळे इंजिने लवकर झिजू नयेत म्हणून त्यांच्या नाकाखाली व्होक्स नावाची मोठी गाळणी बसविली होती. तिच्यामुळे विमानाची हनुवटी फुगल्यासारखी दिसे, वेग घटे आणि वर चढण्याची ताकदही कमी होई. शत्रूशी गाठ असताना ही उणीव जिवावर बेतणारी होती. तरीही त्यावर तोडगा काढला तो गाळणी फेकून देण्याचा नव्हे. इजिप्तमधील अबुकीर येथील हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्रात तंत्रज्ञांनी आटोपशीर आकाराची दुसरी गाळणी तयार केली आणि ती वापरात आली. जेथे ताशी मैलामैलाला जिवाचे मोल होते, तेथेही हवा गाळूनच घेतली गेली. आम्हाला तर फक्त पाचगणी गाठायची होती!

गाळणीविषयी आणखी एक विलक्षण गोष्ट मिस्त्रींनी सांगितली आणि पुस्तकांनीही तिला दुजोरा दिला. कागदी गाळणी अगदी कोरी असते तेव्हापेक्षा थोडी वापरली गेल्यावर अधिक चांगली गाळते. पहिली धूळ कागदाच्या छिद्रांवर बसते आणि तीच पुढच्या बारीक धुळीला अडविते. आमची आजी विहिरीचे पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळीत असे. नव्या कोऱ्या कापडापेक्षा धुऊन दाट झालेले जुने कापडच तिला पसंत असे, त्याची आठवण झाली. म्हणून गाळणी उठल्यासुटल्या झटकणे शहाणपणाचे नाही. टायरवर आपटून ती साफ करण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने घड्या वाकतात आणि कडेचे रबर सुटते. जोरदार हवेचा झोत जवळून मारला तर कागदाला बारीक चिरा पडतात. अशी चिरलेली गाळणी दिसते स्वच्छ, पण तिच्यातून धूळ सरळ आत जाते. कागदी गाळणी पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नये. तिची मुदत संपली, किंवा धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच ती भरली, की बदलावी. ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्यावर पुष्कळदा एक छोटा दर्शक असतो. गाळणी तुंबली की त्यात लाल पट्टी दिसते. जुन्या ट्रॅक्टरांवर ऑईलबाथ पद्धतीची गाळणी असते. तिच्यात हवा ऑईलवरून एकदम वळते, जड धूळ ऑईलमध्ये पडते आणि उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. तिचे ऑईल वेळेवर बदलले नाही तर तीही नावापुरतीच उरते. आणि गाळणी कितीही उत्तम असली, तरी तिच्या पुढची रबरी नळी फाटलेली असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर सारे व्यर्थ. चोर मागच्या दाराने येतो.

आमच्या वर्गातील काही मित्रांना गाडीत ‘स्पोर्ट्स’ गाळणी बसविण्याची हौस आहे. त्यांचा विरस करण्याची माझी इच्छा नाही. परंतु बॉनेटखाली उघडी बसविलेली गाळणी इंजिनाजवळची तापलेली हवा ओढते, आणि तापलेल्या हवेने शक्ती घटते हे वर आलेच आहे. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की शक्ती वाढल्यासारखी वाटते. तेल लावलेल्या कापडी गाळणीला तेल जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर ते बसून मोजमाप बिघडू शकते. शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडले जाते. आपली गाडी दहा-पंधरा वर्षे चालावी अशी आपली अपेक्षा असते.

हवेच्या वाटेने पाणी शिरले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळी बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. ती ओढून न्यावी आणि आधी गाळणीचा डबा उघडून पाहावा. तो ओला असेल तर किल्लीला हात लावू नये.

असो. मिस्त्रींनी जीप परत दिली तेव्हा नवी गाळणी स्वतःच्या हाताने बसविली आणि त्या डब्याच्या झाकणावर खडूने तारीख लिहिली. पैसे देऊन झाल्यावर आबांनी सीटखालची जुनी गाळणी काढली. ती फेकून देतील असे मला वाटले होते. पण ती आमच्या ओटीवर खुंटीला टांगलेली आहे. नवा ड्रायव्हर कोणी घरी आला की आबा तिच्याकडे बोट दाखवितात आणि स्वतःची फजिती स्वतःच सांगतात. चारशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नसते, हे मला आता समजते.

आक्काला पुढल्या वर्षी बी.एड.ला प्रवेश मिळाला; पण वाईजवळचे कॉलेज मिळाले नाही, लांबच्या गावी राहावे लागले. ते एक वर्ष काही परत आले नाही. खडूची तारीख पावसाने पुसून गेली, तेव्हापासून गाळणी कधी बदलली याची नोंद माझ्या इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर असते. आमच्या सरांनी एकदा वही तपासताना ते पान पाहिले आणि विचारले, “या सनावळ्या कोणत्या घराण्याच्या?” त्या दिवशी मी संकोचाने गप्प राहिलो. सरांनी हा लेख वाचला, तर त्यांना उत्तर मिळेल.